आधी भुईकाटा, मग वेल्डिंग

वाचकांचे प्रश्न

*काका, माझ्याकडे २०१७ सालची टाटा एस आहे. आमच्याकडे तिला सगळे छोटा हत्तीच म्हणतात. सिन्नरहून नाशिकच्या मार्केट यार्डात भाजी न्यायचो. आता धंदा मुलानं मोठ्या गाडीवर नेलाय आणि ही दारात उभी असते. मी ५७ वर्षांचा, घरची ५२. दोघांना कोकण बघायचंय, जमलं तर गाडीनं नर्मदा परिक्रमा करायचीय. हॉटेलचा खर्च परवडत नाही म्हणून गाडीवरच घर करायचं ठरवलंय. गावातल्या वेल्डरशी बोलणी झालीत : दीड इंची अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून १२ मिमी प्लाय, उभं राहता येईल अशी सात फूट उंची, छपरावर १०० लिटरची टाकी, आत गॅसचा ओटा. डबा चॅसीला वेल्ड करून टाकू म्हणतो, म्हणजे हलायचा प्रश्नच नाही. चालेल का?*
— एक वाचक, सिन्नर

दादा, हे वाचलंत की वेल्डरला फोन करा आणि दोन आठवडे थांबायला सांगा. बेत उत्तम आहे, गाडीही त्यासाठी चांगली आहे. पण चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, एकदा वेल्डिंग लागलं की ते परत घेता येत नाही.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत बॉडी शॉपमध्ये ३१ वर्षं काढली. तिथे पहिल्याच महिन्यात हेडफिटरनी एक गोष्ट शिकवली, ती तुम्ही दारातल्या दारात करून बघा. रिकाम्या गाडीचं मागचं डावं चाक दोन विटांच्या उंचीच्या फळीवर चढवा आणि वीस पावलं मागे जाऊन उकिडवे बसा. केबिनच्या छपराची रेघ आणि फाळक्याची, म्हणजे मागच्या पाडत्या झडपेची, रेघ एकमेकींना समांतर दिसणार नाहीत. चॅसी पिळलेली असते. खड्ड्यात, घाटात, शेतातल्या बांधावर ती दिवसभर अशीच पिळत राहते आणि तिनं तसं पिळावं म्हणूनच ती तशी बनवलेली असते. त्यावर लोखंडी डबा वेल्ड केलात की डबा तिला पिळू देत नाही. मग काहीतरी तुटतं. बहुतेक वेळा वेल्डिंगची शिवण शाबूत राहते आणि तडा जातो तो शिवणीला लागून असलेल्या चॅसीच्या पत्र्यात, कारण तो पत्रा तापून कमजोर झालेला असतो. बसची बॉडी आम्ही म्हणूनच चॅसीवर पॅकिंग ठेवून यू-बोल्टनं आवळायचो. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकसुद्धा पाडायचं नाही, अशी सक्त ताकीद असायची.

तेव्हा तुमचा डबा सुटा बांधा. हौद्यात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागात, रबराची जाड पट्टी अंथरा, तिच्यावर डबा ठेवा आणि चार कोपऱ्यांतून चार टर्नबकलनी (फिरवून आवळायच्या ताण-स्क्रूंनी) खाली ओढून बांधा. टर्नबकलचं खालचं टोक हौद्याच्या पत्र्याला अडकवू नका, हौद्याखालच्या आडव्या चॅनेलला पकडा. पहिले ५० किलोमीटर झाले की थांबून पुन्हा आवळा, रबर बसतं आणि बांध सैल पडतो. केबिनची मागची भिंत आणि डबा यांच्यामध्ये निदान तीन बोटं जागा ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात डबा केबिनच्या काचेवर येईल. सुट्या डब्याचा दुसरा फायदा तुमच्यासारख्या माणसाला लगेच कळेल. परत आल्यावर चार स्क्रू जॅकवर डबा उचलायचा, गाडी खालून काढायची आणि कांद्याच्या हंगामात मुलाला द्यायची.

आता वजन. फुटपट्टी घेण्याआधी गाडी भुईकाट्यावर न्या. सिन्नरला एमआयडीसीमुळे काट्यांना तोटा नाही. इंधनाची टाकी फुल करा, दोघं केबिनमध्ये बसा आणि तीन वजनं घ्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिन्ही पावत्या जपून ठेवा आणि आरसीवरच्या लेडन वजनाशी (भरलेल्या गाडीच्या जास्तीत जास्त वजनाशी) ताडून बघा. डबा चढल्यावर पुन्हा तीच तीन वजनं घ्यायची. पुढच्या चाकांवरचं वजन आधीपेक्षा कमी झालं, तर डब्यातला भार मागच्या ॲक्सलच्या मागे गेलाय असं समजा. अशी गाडी चढावर स्टिअरिंगला हलकी लागते आणि ओल्या रस्त्यावर वळणात सरळ जाते.

तुमच्या वेल्डरच्या डब्याचा हिशेब मी रात्री बसून केला. हौदा साधारण २२०० बाय १४९० मिमी. सात फूट उंचीला भिंती आणि छप्पर मिळून १९ चौरस मीटर होतात. १२ मिमी प्लाय चौरस मीटरला साडेसात किलोच्या आसपास, म्हणजे १४० किलो. पाऊण मिमीच्या वरचा पत्रा घेतला तर १२० किलो. पाच मिमी जाडीचा दीड इंची अँगल मीटरला तीन किलो भरतो आणि मधले उभे-आडवे धरून ४८ मीटर तरी लागेल, म्हणजे १४५. नुसत्या खोक्याचे ४०० किलो झाले. त्यात पाणी १००, घरची इन्व्हर्टरची बॅटरी ५० च्या वर, भरलेला मोठा सिलिंडर ३०, पलंग-गादी-कपाटं ८०, भांडी-कपडे-शिधा ५०. सातशेच्या पुढे गेलो. गाडीची क्षमता ७५० किलोंची.

तुम्ही म्हणाल, बसतं की! कागदावर बसतं. पण भाजीच्या क्रेट हौद्यात कमरेइतक्या उंचीवर असायच्या आणि यार्डात उतरायच्या. हा भार चोवीस तास पाट्यांवर (चाकांवरच्या स्प्रिंगांवर) राहणार आणि त्यातलं १०० किलो पाणी जमिनीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर हिंदकळणार. गाडीची रुंदी पाच फूट. कसारा उतरताना बाजूनं वारा आला किंवा कोकणातल्या अरुंद रस्त्यावर एसटीला वाट द्यायला डावी चाकं साइडपट्टीवर उतरवली, तर काय होईल ते डोळ्यांपुढे आणा. आंब्या-फणसाच्या फांद्या आणि वाडीतल्या लोंबत्या वायरी वेगळ्याच.

म्हणून सात फुटांचा हट्ट सोडा. आतून साडेचार फूट उंची ठेवा. आत बसायचं आणि झोपायचं, उभं राहायचं ते बाहेर, अंगणात उभे राहता तसं. पलंग १४ इंच उंच आणि गादी चार इंच धरली, तर बसल्यावर डोक्यावर ३६ इंच मिळतात. घरात भिंतीला टेकून दोघंही बसा, बैठकीपासून डोक्यापर्यंत माप घ्या, त्यात थोडी मोकळीक मिळवा आणि मग उंची पक्की करा. झोपायचं लांबीत. आडवं झोपायला भिंतींची जाडी वजा जाता पावणेपाच फूटसुद्धा उरत नाहीत.

सांगाड्याला अँगलऐवजी २५ मिमीची चौकोनी नळी घ्या, १.६ मिमी जाडीची. ती मीटरला सव्वा किलोही भरत नाही. बाहेरून एक मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये २५ मिमीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलच्या जातीचा, पण टणक), आतून ४ मिमी प्लाय. तिन्ही मिळून चौरस मीटरला सहा किलो. जमिनीला मात्र १२ मिमीच प्लाय हवा. दार, खिडक्या, बिजागऱ्या धरून १७० किलोंत डबा उभा राहतो. लोखंडी नळी आणि ॲल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकू देऊ नका. मध्ये सीलंटचा जाड थर द्या आणि मग तीन-तीन इंचांवर पॉप रिव्हेट मारा. ओल लागली की या दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. जुन्या बसच्या स्कर्टपत्र्यामागे हात घातला की ती भुकटी बोटांना लागायची, अजून आठवते.

फोमबद्दल एक चूक माझ्या हातून झालीय, ती तुमच्याकडून होऊ नये. माझ्या पहिल्या डब्यात मी नळ्यांच्या मधल्या चौकटीत फोम बसवला आणि प्लाय थेट नळ्यांवर ठोकला. डिसेंबरात पाचगणीला पहिली रात्र काढली. पहाटे गालावर थेंब पडला म्हणून बॅटरी लावली. छपराच्या प्लायवर ओल्या रेघा उमटल्या होत्या, बरोबर नळ्यांच्या ओळीत, उभ्या-आडव्या, एखाद्यानं आतून सांगाड्याचं चित्र काढावं तशा. मधला भाग कोरडा ठाक. लोखंड बाहेरची थंडी थेट आत आणत होतं आणि आमच्या दोघांच्या श्वासातली वाफ तिथेच पाणी होऊन बसत होती. सगळा प्लाय उतरवला, प्रत्येक नळीच्या तोंडावर ५ मिमीची फोमपट्टी चिकटवली आणि परत ठोकला. तुम्ही ही पट्टी सुरुवातीलाच लावा. शिवाय छपराजवळ एक आणि जमिनीजवळ एक, अशा दोन झडपा कायम उघड्या ठेवा. थंडी वाजली तर गोधडी वाढवा, झडप बंद करू नका.

ओटा आत नको. या एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो आणि तुमचा पलंग तिथेच आहे. दुसरं, बंद खोक्यात काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेत कळत नाही. शेगडीसुद्धा आत घ्यायची नाही, विझत आलेलीही नाही. फाळका आडवा पाडलात की तयार ओटा आहे, साखळ्या मजबूत करून घ्या. पाच किलोंचा छोटा सिलिंडर मागच्या कोपऱ्यात फक्त बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवा. कप्प्याच्या तळाला हाताच्या तळव्याएवढी जाळी बाहेरच्या बाजूला हवी. आतल्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, उशीच्या उंचीवर.

पाण्याची टाकी छपरावरून खाली आणा. वीस-वीस लिटरचे दोन कॅन, हौद्याच्या तळाशी, केबिनच्या बाजूला. कोकणात आणि नर्मदाकाठी पाणी भरायला कुणी नाही म्हणत नाही.

विजेचं थोडक्यात. लिथियम फॉस्फेटची १२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घ्या. ती बारा किलोंच्या आत येते आणि तुमच्या घरच्या बॅटरीपेक्षा चाळीस किलो वाचतात. १५-२० वॅटचा पंखा रात्रभर, दोन दिवे आणि दोन मोबाइल तिच्यावर आरामात चालतात. छपरावर १०० वॅटचं एक पॅनेल पुरे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच फ्यूज हवा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज आग थांबवत नाही. इंडक्शनच्या नादाला लागू नका.

कायद्याचं बोलायला हवं. गाडीत कायमचा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर तशी नोंद व्हावी लागते. कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेला छेद देणारा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. चॅसीला वेल्ड केलेला डबा सरळ यात येतो. सुटा, बांधलेला डबा मालासारखा नेता येतो, पण तोही नेण्याआधी कच्चं चित्र आणि मापं घेऊन आरटीओत जा, मोटार वाहन निरीक्षकाला भेटा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पोच घ्या. अपघात झाला तर तो कागदच उपयोगी पडतो. डब्याच्या मागे सामानाची पेटी लटकवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून मागे निघणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. तुमचा व्हीलबेस २१०० मिमी, म्हणजे १२६० मिमीला संपलं. आणि गाडी चालू असताना डब्यात कुणीही बसायचं नाही. परिक्रमेत नातवंडं येतील, हट्ट करतील, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

पाटे, पाट्यांचे बुश आणि मागचे ब्रेक लायनर डबा चढवायच्या आधी बदला. २०१७ पासून भाजी वाहिलेली गाडी आहे, तिचा तेवढा हक्क आहे.

*काका, आमचे हे बोलेरो पिकअपवर कॅम्पर बांधतायत. सहा महिने घरात दुसरा विषय नाही. सोलर झालं, साउंड सिस्टिम झाली. मी विचारते संडासचं काय आणि ७४ वर्षांच्या सासूबाई आत चढणार कशा, तर "बघू" म्हणतात. रात्री गाडी कुठे उभी करायची हेही कुणी सांगत नाही.*
— एक वाचक, कणकवली

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न साउंड सिस्टिमच्या आधीचे आहेत. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

सासूबाईंपासून सुरुवात करू. गाडीत सामान भरून जमिनीपासून डब्याच्या तळापर्यंत उंची इंचांत मोजा. तिला आठनं भागा, तेवढे टप्पे पडायला हवेत. घरचा जिना साधारण सात-आठ इंची पायरीचा असतो आणि गुडघ्यांना तीच सवय असते. एकच उंच स्टूल ठेवून भागणार नाही. घडीची पायरी डब्याला पक्की अडकणारी हवी, मातीत नुसती टेकवलेली नको. दाराच्या दोन्ही अंगांना उभे दांडे लावा, एसटीच्या दाराला असतात तसे, जमिनीवर उभं राहून हाताला येतील इतके खाली सुरू होणारे. एकाच बाजूला दांडा असला की चढता येतं, उतरताना पंचाईत होते. आणि त्यांचा पलंग १८ इंच उंच ठेवा, पाय टेकून उठता येईल असा. हे सगळं प्लाय ठोकायच्या आधी ठरवा, कारण दांड्यामागे नळी असावी लागते. नुसत्या प्लायमध्ये स्क्रू मारलेला दांडा एक दिवस हातात येतो.

संडासाला सुटा कॅसेट टॉयलेट मिळतो, खालची टाकी वीस लिटरच्या आसपास. त्याला वेगळी खोली नको, पलंगाखालचा कप्पा आणि दाराला आतून पडदा पुरतो. दोघी बायका असताना रात्री उतरायला लागू नये एवढ्यासाठी तो हवाच. दिवसा पेट्रोल पंप, एसटी स्टँड, खानावळी आहेत. टाकी रिकामी करायची ती संडासातच. ओढ्यात नाही, किनाऱ्यावर नाही, झाडामागे खड्डा करूनही नाही. कोकण आपलंच आहे, तुम्हाला मी काय सांगायचं.

रात्रीची जागा उजेडी शोधायची, अंधार पडायच्या आत. देवस्थानांचे भक्तनिवास, चोवीस तास चालू असलेले मोठे पंप, ओळखीतल्या कुणाचं अंगण. आधी विचारायचं, सकाळी काय ते पैसे द्यायचे. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवून उभी करा. डब्यातून केबिनमध्ये जायला वाट नसते, म्हणून किल्ली रोज एकाच खिळ्याला आणि दाराची कडी आतून पक्की. वाळूत गाडी घालू देऊ नका, कितीही घट्ट दिसली तरी. भरती दिवसातून दोनदा येते आणि रुतलेली पिकअप तासाभरात पाण्यात जाते. खाली गोव्याकडे उतरलात तर तिथे किनाऱ्यावर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो.

*काका, मामांची सुपर कॅरी (मारुतीचा छोटा टेम्पो) दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मिळणार आहे. आम्ही तीन मित्र. पैसे फार नाहीत. काय बांधता येईल?*
— एक विद्यार्थी, लातूर

बाळा, काही बांधू नकोस. मामांच्या गाडीला एक भोकही पाडायचं नाही.

मंडपवाल्याकडून तीन वाकवलेल्या नळ्या भाड्यानं आण आणि हौद्याच्या आतल्या कडेला दोरीनं घट्ट बांध. वर कापडी ताडपत्री टाक, प्लॅस्टिकची नको, तिच्याखाली रात्री घाम फुटतो आणि पहाटे पाणी ठिबकतं. ताडपत्रीची कडा हौद्याच्या बाहेरून वीतभर खाली ओढून कड्यांना बांध. आत खोचलीस तर दिवाळीतला अवकाळी पाऊस सगळा गादीत येईल. मागची बाजू उघडीच ठेव. आत दोघांचं अंथरूण मावेल, तिसऱ्यानं केबिनमध्ये झोपायचं आणि रोज पाळी बदलायची.

प्रवासात तिघांपैकी कुणीही मागे बसायचं नाही. केबिनमध्ये दोनच जागा आहेत, तेव्हा तिसरा एसटीनं येईल. औसा आणि नळदुर्ग दोन्ही किल्ले तुमच्या टप्प्यात आहेत, दोन्हीकडे एसटी जाते. जायच्या आदल्या रात्री गाडी दारात उभी करून त्यात एकदा झोपून बघा. काय विसरलंय ते पहाटे चारला कळेल, आणि घर दहा पावलांवर असेल.